शटरची वजावट

तात्यांना खोकला लागला तेव्हा वाटलं, एक हीटर आणला की झालं. तासाभराचं काम. पण धोंडीराम तात्या पडले माझे चुलते, त्यात तीस वर्षं गवंडीकाम केलेले. मापाशिवाय खिळासुद्धा विकत घेऊ देणार नाहीत.

दोह्यात कफीलच्या, म्हणजे आम्हाला कामावर आणणाऱ्या अरब मालकाच्या, बंगल्याच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघं राहायचो. पुढच्या निम्म्यात त्याची मोटार, मागच्या निम्म्यात आमच्या खाटा. मी त्याचा ड्रायव्हर. त्याच्या बांधकामावर गवंडी हवा होता, तेव्हा मीच शब्द टाकून तात्यांना गावाहून आणवलं होतं. त्र्याऐंशीचा जानेवारी. शटरच्या फटींतून असा वारा यायचा की दातावर दात आपटायचे. त्यात पंधरा दिवसांवर तात्यांची परवान्यासाठीची डॉक्टरी तपासणी. छातीत काही निघालं तर राहण्याच्या कागदांची मुदत वाढत नव्हती, सरळ घरी पाठवत.

"तात्या, मोठा हीटर आणतो," मी म्हटलं.

"मोठा म्हंजी केवढा? आधी माप घ्याया नगं?"

तीन दिवस माप चाललं. गाडीला थंडी वाजत नाही, म्हणून तिची जागा वगळली. मग लांबी, रुंदी, उंची गुणून सगळ्याचे ब्रास काढले. मी कपाळावर हात मारून घेतला. "तात्या, हीटर आणायचाय, वाळू न्हाई!"

"गप. शटर वजा करायचं ऱ्हायलं."

भिंतीचा गिलावा मोजताना गवंडी दारं-खिडक्या वजा करतात. तात्यांनी तसंच अख्खं शटर वजा केलं. उरलं एका रॉडच्या हीटरपुरतं. दुकानदार मन्सूरभाई रत्नागिरीचे. तात्यांच्या हिशोबाची चिठ्ठी बघून म्हणाले, "अरे, यात न्हाणीघर तापलं तरी नशीब!" पण तात्यांच्या शब्दापुढे जायची हिंमत नव्हती. आणला एक रॉडवाला. त्याने तात्यांच्या पायाचा अंगठा तेवढा शेकला. खोकला वाढला.

"थंडी शटरमधनंच येती, आन् तुमी तेच वजा करताय!" मी ओरडलो.

"हिशोब बराबर हाय," म्हणत त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

आता मात्र डोकं फिरलं. न विचारता उठलो, हीटर बदलून तीन रॉडचा आणला, शटरवर कफीलचा जुना गालिचा टांगला. आठवड्यात खोकला थांबला. तपासणीत पास झाले. दोन वर्षांचा शिक्का मारलेला त्यांचा पासपोर्ट नाचवत मी गॅरेजमध्ये शिरलो.

"बघा! पयलंच माझं ऐकलं असतं तर?"

तात्यांनी पासपोर्ट उघडूनही पाहिला नाही. खाटेवर बसून राहिले.

"तीस वरसं मापं घेतोय, निवृत्ती. शटर कुठं वजा करायचं, कुठं न्हाई, एवढं कळत न्हाई व्हय मला?"

मी पासपोर्ट खाली घेतला.

"नापास झालो असतो तर घरी गेलो असतो रं. आपल्या तोंडानं जातो म्हनावं, तर तुझा शब्द खाली पडला असता."

मला त्यांचा भयंकर राग आला. बोलले का नाहीत? मग त्याहून जास्त माझाच आला. पंधरा दिवस खेकसत होतो, एकदा तरी विचारलं होतं का?

माझा चेहरा बघून तात्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे. दोन वरसं म्हंजी किती? दोनच हिवाळं."