मी पडलो नाही, मला उतरवलं

मी एक जुना टीव्ही आहे, असं परवा आमच्याकडे आलेला एक पाहुणा म्हणाला. मित्रांनो, हे मला मान्य नाही. माझ्यानंतर दुकानात माझ्याहून पातळ टीव्ही आले, एवढाच काय तो माझा गुन्हा. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मी आजही पूर्ण पंचावन्न इंच आहे आणि काळा रंग काळाच दाखवतो. आमच्यासारख्यांनी आपली कहाणी सांगताना थोडं रडावं, अशी रीत आहे. मी रडणार नाही. पाण्यानं माझं नुकसान होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काच एका देशाची, चिप दुसऱ्या देशाची, स्क्रू कुठले ते स्क्रूंनाच ठाऊक. तिथून मी धाराशिवच्या एका दुकानात आलो. दुकानात टीव्हीला नवरदेवासारखं उभं करतात. उजेड सगळा वर, रंग सगळे भडक, आणि दिवसभर एकच पोपट एकाच धबधब्यावरून उडतो. तो पोपट खऱ्या रानात दिसला असता तर इतर पोपटांनी त्याला जातीबाहेर टाकलं असतं.

एके दिवशी सास्तूरहून शिवांजली आणि तिचे वडील बिभीषण आले. शिवांजली कॉलेजात शिकत होती. तिला चित्रपट बघायचे होते आणि गेम खेळायचे होते, आणि दोन्हींसाठी काय लागतं याचा तिचा अभ्यास पक्का होता. तिनं पोपटाकडे पाहिलंही नाही. एका सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, बटण दाबल्यावर गाडी वळायला किती उशीर होतो, असं विचारून तिनं दुकानातल्या उमाशंकरला घाम फोडला.

बिभीषणची पद्धत वेगळी होती. आयुष्यभर त्यांनी बाजारात बैल पारखले होते. ते माझ्याभोवती एक फेरी मारून आले, मागं वाकून वायरींची भोकं बघितली, दोन्ही कडांना धरून मला थोडं उचललं. मग उमाशंकरला म्हणाले, "लाईट गेल्यावर बसकण तर मारत न्हाय ना?"

"नाही काका. लाईट आली की आपोआप उठतो."

"मग चांगल्या गुणाचा हाय," बिभीषण म्हणाले, आणि मी त्यांचा झालो.

सास्तूर हे भूकंपानंतर नव्यानं वसलेलं गाव. रस्ते सरळ, घरं एका ओळीत. बिभीषणच्या घरात पाऊल ठेवताच मला एक गोष्ट खटकली. भिंतींवर काहीच नव्हतं. घड्याळ ज्वारीच्या कोठीवर टेकून उभं होतं. लग्नाचे फोटो पेटीवर बसलेले. देवसुद्धा जमिनीवर, पाटावर. कॅलेंडर तेवढं लटकत होतं. ते कागदाचं म्हणून त्याला माफी होती.

हा कायदा सारजाबाईंचा, म्हणजे बिभीषणच्या आईचा. त्र्याण्णवच्या भूकंपात त्या जुन्या दगडमातीच्या घरातून वाचल्या होत्या. त्यांची धाकटी नणंद अयोध्या वाचली नाही. सारजाबाई त्याबद्दल फारसं बोलत नसत. विचारलंच तर एवढंच सांगत, "भित नंतर पडली. आधी फळी पडली." पितळेची भांडी मांडलेली ती फळी अयोध्याच्या उशाशी होती.

मी भिंतीवरचा टीव्ही आहे, असं माझ्या खोक्यावर चित्रासकट छापलं होतं. शिवांजलीलाही मी भिंतीवरच हवा होतो. सारजाबाई भजनी मंडळासोबत सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेल्या, तेव्हा बाप-लेकीनं पंचाक्षरी नावाच्या फिटिंगवाल्याला लोहाऱ्याहून बोलावलं. त्यानं भिंत ठोकून बघितली, भोकं पाडली, चार बोल्ट आवळले आणि मला वर चढवलं. मग शिवांजलीनं माझ्या अंगावरचे दुकानातले दागिने उतरवले. भडक रंग खाली आणले. ज्या सोयीमुळे चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसत होता, ती बंद केली. चित्रपटासाठी एक मोड, गेमसाठी दुसरा. दैवशाला ही तिची आई. ती म्हणाली, याचं तोंड उतरलंय, परत करा. मग शिवांजलीनं तिला सिनेमातला अंधारातला एक प्रसंग दाखवला आणि त्या अंधारात उभा असलेला माणूस दैवशालाला दिसला. त्यानंतर माझ्या तोंडाबद्दल कुणी बोललं नाही.

सारजाबाई परतल्या. उंबऱ्यात थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खाली, भिंतीला लावलेल्या स्वतःच्या बाजेकडे बघितलं.

बिभीषणनी त्यांना समजावलं. घर सिमेंटचं आहे, बोल्ट जाड आहेत, फिटिंगवाल्यानं स्वतः लोंबकळून दाखवलंय. सारजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बोल्टाचं मला काय सांगतूस? म्या भितीला वळखते," त्या म्हणाल्या. "ते खाली येईस्तवर म्या आत येणार न्हाय."

त्यांनी शिवांजलीला बाज बाहेर ओढायला लावली, भर दुपारी, आणि ती अंगणातल्या कडुलिंबाखाली टाकून घेतली. जेवण तिथं, झोप तिथं, तंबाखूची डबी तिथं. गावात अशी गोष्ट लपत नाही. येणारा-जाणारा थांबून विचारी, काय मावशी, लेकानं बाहेर काढलं का? आणि सारजाबाई शांतपणे उत्तर देत, "न्हाय बाबा. आत टीव्हीला जागा कमी पडत व्हती."

बिभीषण शेताला मागच्या वाटेनं जाऊ लागले.

मित्रांनो, मीही काही कमी नव्हतो. म्हातारी बाहेर अडून बसली असेल, तर मी आत अडून बसलो. मला भिंतीसाठी घडवलंय, मी भिंतीवरच राहणार. दारातून आम्ही दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत असू. पापणी कुणीच लववत नव्हतं. मला पापणी नाही, ही माझी जमेची बाजू होती. पण सारजाबाईंनाही ती असेल असं वाटत नसे.

शिवांजली मधल्यामध्ये चहा नेऊन देई आणि आज्जीला आत ये म्हणे. आज्जी चहा पिई आणि कप परत देई.

अशीच एक दुपार होती. बिभीषण शेतात, दैवशाला गिरणीवर. शिवांजली कानांवर मोठे हेडफोन चढवून माझ्यासमोर सतरंजीवर बसली होती, हात लांब केला तर मला लागेल इतक्या जवळ. गाडी शर्यतीच्या शेवटच्या वळणावर होती.

तेवढ्यात जमिनीच्या पोटातून गुरगुर आली.

आमच्या भागात ती अधूनमधून येते. भांडी वाजतात, माणसं बाहेर पळतात, उभ्या उभ्या गप्पा मारतात आणि परत घरात जातात. तेव्हाही शेजारचे सगळे पळाले. कोठीवरचं घड्याळ घसरलं. मी भिंतीवर थरथरलो. शिवांजलीनं मला थरथरताना पाहिलं आणि ते गेममधलंच समजून गाडी आणखी वेगात सोडली. कानांवर हेडफोन. तिला काही ऐकू येत नव्हतं.

सगळं गाव बाहेर पळत असताना एकच माणूस आत पळालं. सारजाबाई अनवाणी आल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या अगदी खाली येऊन त्यांनी नातीचं मनगट पकडलं आणि ज्वारीचं पोतं ओढावं तसं तिला ओढत अंगणात नेलं. गाडी दरीत गेली. ती अजूनही तिथंच असेल.

गुरगुर थांबली. मी भिंतीवर होतो. माझे चारही बोल्ट जागच्या जागी होते. हे मी आजही कुणालाही छातीठोक सांगेन.

दारातून मला अंगण दिसत होतं. हेडफोन गळ्यात आलेली शिवांजली आधी हसली. मग हसायची थांबली. आज्जी मनगट सोडत नव्हती. हात असा कापत होता की त्यासोबत शिवांजलीचाही हात कापत होता.

बिभीषण शेतातून धापा टाकत आले. सगळे धड आहेत हे पाहिलं, आत डोकावून मला पाहिलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्याबरोबर जीभही सुटली.

"बघ आई. पडला का? उगं इतके दिवस गावात आमची शोभा केलीस."

शिवांजली बोलली.

"पप्पा, ती आत आली."

"मग चांगलंच झालं की. भीती गेली तिची."

"गेली न्हाय," शिवांजली म्हणाली. "हात बघा तिचा. हे असं घेऊन ती त्याच्याखाली आली."

बिभीषणनी हात बघितला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. मग आत जाऊन पाना घेऊन आले. शिवांजलीनं तो त्यांच्या हातातून घेतला. पंचाक्षरीला फोन करू या, असं ते म्हणाले. ती तोवर स्टुलावर चढली होती. एक एक बोल्ट तिनं स्वतः सोडवला आणि बाप-लेकीनं मिळून मला खाली घेतलं. मी पडलो नव्हतो, मित्रांनो. मला उतरवलं. यातला फरक ज्याला कळत नाही, त्याच्याशी मी वाद घालत नाही.

सारजाबाईंनी बाज आत आणली, त्याच भिंतीला लावली आणि त्या झोपून गेल्या. माझ्याशी एक शब्दही न बोलता. मी तरी कुठं बोललो?

तेव्हापासून मी समोरच्या कोपऱ्यात एका बुटक्या, रुंद लाकडी बाकावर बसतो. पाठीमागून मला पट्ट्यानं बाकाला बांधलंय. तो पट्टा सारजाबाई रोज सकाळी ओढून बघतात, मी पळून जाणार असल्यासारखा. सतरंजीवर बसलं की माझा मध्य बरोबर डोळ्यांसमोर येतो. मान वर करावी लागत नाही. रविवारी शिवांजली चित्रपट लावते, तेव्हा सारजाबाई बाजेवरून बघतात आणि वाईट माणूस कोण, हे आम्हा सगळ्यांच्या आधी ओळखतात. शर्यतीतही त्या सल्ले देतात. त्यांच्या मते गाड्यांना ब्रेक असतो आणि तो वापरावा.

पाहुणे मात्र येतच असतात. एवढा भारी टीव्ही आणि जमिनीलगत? भिंतीवर काय ऐट दिसली असती! बिभीषण आता मागच्या वाटेनं जात नाहीत. ते पाहुण्याला सतरंजी दाखवतात.

मित्रांनो, रीतीप्रमाणे मी आता माझी काळजी घ्या म्हणून विनवायला हवं. नाही विनवणार. धूळ बसली तर बसू द्या, मी सोसेन. जाहिरातीत माझ्यासारख्याला कुठं टांगतात, ते दुकानदाराला विचारूच नका. भिंतीत पहिलं भोक पाडण्याआधी त्या भिंतीखाली कोण झोपतं, ते घरात विचारा. उत्तर देणारं माणूस घाबरट वाटलं, तरी त्याचं ऐका.

आणि मी खाली शोभत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी खाली बसून बघावं.