गाठी बघायला आलेली माणसं

त्या दुष्काळी साली ईट गावच्या शिवारात पावसावरची तूर हिरवी राहिली ती एकट्या मच्छिंद्रची. त्याचा गुन्हा एवढाच, की सोसायटीतून मिळालेलं जिवाणूंचं पाकीट त्यानं सांगितल्याबरहुकूम वापरलं. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळलं, सावलीत वाळवलं आणि पेरलं. आता ते जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला पुरवत होते. पाहुण्यांचं काय करायचं, हे मात्र पाकिटावर छापलं नव्हतं.

गाठी मुळांना आणि मुळं मातीत, हीच पंचाईत. येईल त्या साहेबाला गाठी बघायच्या असायच्या. मग सोसायटीचे अध्यक्ष आबाराव चांगलं जोमदार झाड हेरून उपटायचे, माती झटकून साहेबांच्या हाती द्यायचे. साहेब "वा!" म्हणायचे, फोटो निघायचा, झाड बांधावर पडायचं. भूम तालुक्याचे साहेब झाले, जिल्ह्याचे झाले, पुढं साहेबांच्या मेहुण्यांनाही शेतीची गोडी लागली. विज्ञानानं अशी घोडदौड केली की निम्मं रान मोकळं झालं.

मच्छिंद्र बांधावर पडलेली झाडं मोजायचा. वर्षाचं वरण आणि पुढच्या सालचं बियाणं त्याच झाडांत होतं.

"दुष्काळानं ठिवलं ते ह्या कवतिकानं चाललं," त्याची बायको चांगुणा म्हणाली. "सांगा की त्यास्नी!"

त्यानं सांगून पाहिलं. आबाराव म्हणाले, "देशाच्या कामाला दोन झाडं जड झाली व्हय रं तुला?"

मग एक दिवस मुंबईची मंडळी जीपा भरून आली. आबाराव बाह्या सारून तुरीत शिरणार, तोच मच्छिंद्र हात जोडून आडवा झाला.

"साहेब, हितं काय न्हाय. खरा प्रयोग आमच्या अध्यक्षांच्या इहिरीवरच्या मळ्यात हाय. गावाच्या वाटची उरलेली समदी पाकिटं त्यांनी एकट्यानं वापरली. गाठी बघाव्या तर त्यांच्या तुरीच्या!"

आबारावांचा चेहरा उतरला. पण पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि हरभऱ्याच्या झाडावर चढायला आबारावांना शिडी कधी लागली नव्हती. "चला," ते म्हणाले.

पाहुणे भलतेच अभ्यासू निघाले. प्रत्येकाला आपल्याच हातानं झाड उपटायचं होतं. "एक बघितलं की समदी सारखीच, साहेब," आबाराव काकुळतीला आले. मच्छिंद्र बांधावरून बोट दाखवत होता, "तकडचं बघा, लई भारी हाय!" कित्येक दिवसांत तो इतका खूश झाला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी सोसायटीची तातडीची सभा भरली. उभ्या पिकातलं झाड कोणीही, कितीही मोठा असला तरी, उपटू नये, असा ठराव आबारावांनी मांडला. अनुमोदन मच्छिंद्रनं दिलं.