शेषरावांची शिकवणी

ज्योत्स्नाला एक खोड होती. पेशंट बरा झाला की तिला आनंद व्हायचा, पण बरा झाला नाही की त्याहून जास्त कुतूहल वाटायचं. "असल्या खोडीवर दवाखाना चालत नसते," असं तिची आई अमरावतीहून फोनवर बजावायची. तरी अकोल्यातलं तिचं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक बऱ्यापैकी चालत होतं, कारण या जिल्ह्यात कंबरदुखीला तोटा नाही.

कंबरेचे व्यायाम तसे ठरलेले चार-पाच. त्यात गुपित काही नाही. गुपित असलंच तर हे, की सांगितलेला व्यायाम माणसाच्या कानातून कंबरेपर्यंत पोचतो कसा? कुणाला एकदा सांगून पुरतं, कुणाला करून दाखवावं लागतं. आणि कुणी शेषरावांसारखे असतात, ज्यांना सगळं कळतं आणि कंबर मात्र तिथेच असते.

शेषराव बाळापूरकडचे फुलवाले शेतकरी. पहाटे शेवंतीचं गाठोडं मोटरसायकलवर बांधून अकोल्याच्या बाजारात आणायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. गेली दोन वर्षं कंबरेनं त्यांना छळलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढून, घाबरण्यासारखं काही नाही, व्यायाम करा, असं सांगून त्यांना ज्योत्स्नाकडे धाडलं होतं. शेषराव मात्र भेटेल त्याला "मणक्यात गॅप हाय" असं सांगत, जणू गावात तेवढा एकच गॅप होता.

त्यांच्याबरोबर दर वेळी माणिकबाई, त्यांची बायको. मांडीवर पिशवी घेऊन त्या भिंतीकडच्या बाकावर बसत आणि सगळं बघत.

"मॅडम," पहिल्याच दिवशी शेषरावांनी सांगून टाकलं, "दिवाळीपावतर जमलं तं जमलं. नाई तं शेवंती उपटतो अन् हरभरा टाकतो. हरभऱ्याचं सगळं मशीनच करते, वाकाचं कामच नाई."

शेषराव गाडी काढायला बाहेर गेले तशा माणिकबाई ज्योत्स्नाजवळ आल्या. "मॅडम, काईबी करा, पण याईची कंबर नीट करा. ते शेवंती मी माह्या मायच्या वावरातून आणली. माय गेली, वावर इकलं गेलं. आता तिचं म्हणून तेवढंच हाय माह्यापाशी."

ज्योत्स्नानं मान डोलावली खरी, पण त्या दिवसापासून शेषरावांची कंबर तिला आपल्या डोक्यावर घेतल्यासारखी वाटू लागली.

आधी तिनं चित्रांचा कागद दिला. पुढच्या खेपेला विचारलं तर कागद अगदी नीट होता, त्याला घडीसुद्धा पडली नव्हती. शेषरावांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याजवळ कपाटात ठेवला होता. मग तिनं व्हिडिओ पाठवला. त्यांच्या मुलीनं, गीतांजलीनं, तो मोबाइलवर लावूनही दिला.

"काका, रोज होतंय ना?"

"होते ना. सकाळी एक बार पाहतो, झोपाच्या आधी एक बार पाहतो."

"आणि करता कधी?"

शेषराव गोंधळले. "आता पाहून राहिलो ना, मॅडम."

तिसऱ्या खेपेला तिनं त्यांच्या पाठीला उभी काठी लावली. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही जागी काठी टेकलेली राहिली पाहिजे, आणि वाकायचं ते कंबरेतून नाही, मांडीच्या सांध्यातून. क्लिनिकमध्ये शेषराव असे झकास वाकले की बघत राहावं. घरी गेल्यावर मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरी एखादी चिडली असती. ज्योत्स्ना विचार करत बसली. कॉलेजात ती जे मैत्रिणीला समजावून सांगायची तेच नेमकं परीक्षेत आठवायचं, नुसतं वाचलेलं उडून जायचं. शिकवणारा आधी स्वतः शिकतो. मग पेशंटलाच मास्तर केलं तर?

"काका," ती म्हणाली, "आता हे सगळं तुम्ही काकूंना शिकवायचं. पुढच्या वेळी परीक्षा काकूंची. त्यांना आलं नाही तर नापास तुम्ही."

शेषरावांना ही युक्ती भलतीच आवडली. बायकोला शिकवा असं डॉक्टरनंच सांगितल्यावर कोणत्या नवऱ्याला आवडणार नाही? आले होते पेशंट म्हणून, गेले ते छाती काढून.

निकालही पहिल्या वर्गाचा लागला. माणिकबाई सतरंजीवर झोपल्या, गुडघे मोडले, श्वास सोडत कंबर उचलली. मग उभ्यानं वाकल्या, तर पाठीची काठीही कुठे सुटली नाही. पुढच्या खेपेलाही तेच. ज्योत्स्ना खूश झाली आणि शेषरावांकडे वळली.

"आणि तुमचं दुखणं?"

"हाय ना. होतं तेवढंच हाय."

इथे ज्योत्स्नाची खोड जागी झाली. शिकवण्यात चूक नव्हती, शिकणारीला तर पुरतं आलं होतं. मग मधे सांडलं कुठे? नवरात्र तोंडावर आलं होतं, दिवाळी काही फार लांब नव्हती. विचार करता करता तिचं लक्ष बाकाकडे गेलं. माणिकबाई उठत होत्या. पूर्वी त्या उठायच्या तेव्हा एक हात गुडघ्यावर, एक भिंतीला. आज नुसत्या उठल्या, खाली ठेवलेली पिशवी उचलली आणि चालू लागल्या.

"थांबा," ज्योत्स्ना म्हणाली. "काका, घरी कसं शिकवता ते मला बघायचंय. मी इथे नाहीच असं समजा."

शेषराव खुशीत खुर्चीवर बसले. टेकून, पाय पसरून. "हं, झोप. मोड गुडघे. उचल कंबर. अजून थोडी. श्वास काहून रोकला? सोड." माणिकबाई सतरंजीवर सांगतील तसं करत होत्या. खुर्ची काही हलली नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"आणि काका, तुम्ही कधी करता?"

"मी?" शेषरावांना प्रश्नच कळेना. "मी तं शिकवतो ना!"

ज्योत्स्ना मोठ्यानं हसली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, तो माणूस तिनं स्वतःच घडवला होता. हसण्याच्या भरात तिनं विचारून टाकलं, "पण काकू, तुमची कंबर दुखायची का हो? आधी तुम्ही भिंतीला धरून उठायच्या."

माणिकबाई छताकडे बघत राहिल्या. ज्योत्स्नाला तेव्हाच कळलं की हा प्रश्न इथे, या माणसासमोर विचारायचा नव्हता. पण आता उशीर झाला होता.

शेषराव खुर्चीत पुढे सरकले. "काहून वो? दुखे का तुही?"

"दुखे." माणिकबाई उठून बसल्या. "तुमच्या आधीपासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू? फुलाची तोडणी माह्याकडंच. माही कंबर गेली म्हटलं असतं तं तुमी त्याच दिवशी शेवंतीत नांगर घातला असता."

शेषरावांनी तोंड उघडलं. "मंग तं आता..."

आपल्या कुतूहलापायी एका बाईची शेवंती जाणार, असं ज्योत्स्नाला वाटलं.

"आता काही नाई," माणिकबाई म्हणाल्या. "माही बरी झाली. तुमची काहून नाई झाली, तेवढं सांगा."

शेषराव सतरंजीकडे बघत राहिले. आपण दोन वर्षं गावभर आपला गॅप मिरवला आणि आपल्याच घरात दुसरं माणूस मुकाट वाकून फुलं तोडत होतं, याची त्यांना लाज वाटली. ती चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती, आणि लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"ऊठ तू," शेवटी ते म्हणाले. "मी झोपतो. तू सांग."

ज्योत्स्ना सवयीनं पुढे झाली आणि लगेच मागे सरली. माणिकबाई नवऱ्याच्या बाजूला बसल्या. एक हात त्यांनी त्याच्या पोटावर ठेवला. "मोडा गुडघे. आता उचला."

"उचलली ना."

"नाई उचलली. नुसतं तोंड वाकडं केलं."

शेषरावांनी श्वास सोडला आणि खरंच जोर लावला. कंबर थरथरत वर आली. तसंच धरून, छताकडे बघत ते म्हणाले, "उद्या तोडणीले मी येतो. वावरातल्या सऱ्याईत वाकाचं कसं, ते तिथंच दाखवजो मले. शेवंती राहू दे."

माणिकबाईंचे डोळे भरून आले. पण हात त्यांनी काढला नाही.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "कंबर खाली येऊन राहिली."