रोहिणीच्या गाई

माझा धाकटा भाऊ श्रीमंत इतका सरळ, की त्या सरळपणाचाच मला राग येतो. त्याच्या सुनेचं, रोहिणीचं जे झालं ते या सरळपणापायीच. माणूस वाईट असता तर परवडलं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. मला गावातच दिलेली, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलं.

श्रीमंतचा एकुलता एक मुलगा, रोहिणीचा नवरा ज्ञानेश्वर कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नगरच्या दवाखान्यात वारला. त्याच्या बिलापायी गोठ्यातल्या सगळ्या गाई विकून झाल्या होत्या. त्या गाई रोहिणीच्या हाताखालच्या. ज्ञानेश्वर डेअरीला दूध घालायचा, पण धारा, वैरण, गाईंची बाळंतपणं सगळं तिच्याकडं. लॉकडाऊनमध्ये दूध पाण्याच्या भावानं जायला लागलं, लोक गाई काढायला निघाले, तेव्हाही तिनं एक गाय हलू दिली नव्हती.

पुढं कोरोनात गेलेल्यांच्या घरच्यांना सरकारनं पन्नास हजारांची मदत दिली. ती रोहिणीच्या खात्यावर जमा झाली. सोनईच्या बँकेतून रोहिणी घरी आली तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "मामा, दोन गाया घिऊ. गोठा ओस पडलाय, मला बघवंना." नवरा गेल्यापासून तिचा इतका मोकळा आवाज मी ऐकला नव्हता.

श्रीमंतनं मात्र आपलं बोलणं आधीच घोकून ठेवलं होतं. "पोरी, ह्यो पैसा तुजा हाय. त्यातला रुपया ह्या घराला नको. पोराच्या मरनावर आमी गोठा भरायचा व्हय? तुजं वय हाय अजून. माहेरी जा. भावानं दुसरं बघितलं तर आमी आडवं येनार न्हाई."

"म्हंजी मी जाऊ?" रोहिणी त्याच्याकडं बघतच राहिली.

"तुज्या भल्याचंच सांगतोय."

माझी भावजय गोजरबाई पदरात तोंड खुपसून रडत होती. जन्मात नवऱ्यापुढं बोलली नाही, ती तेव्हा काय बोलणार!

मी म्हणाले, "श्रीमंत, तिला काय पायजे ते इचार की आदी!"

"आक्का, सुनंच्या पैशावर जगला, आसं म्हनत्याल लोक."

लोकांचं काय घेऊन बसला होता, देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणीनं तो रिकामा गोठा झाडून, धुऊन काढला आणि भावाच्या मोटारसायकलवर बसून माहेरी, कर्जतला निघून गेली. गावानं श्रीमंतला देवमाणूस ठरवलं, नुसता सत्कार व्हायचा बाकी होता. घरात मात्र नवरा-बायको दोन कोपऱ्यांत बसून राहायची.

वर्षभरानं तो आपण होऊन म्हणाला, "आक्का, चल. तिला आनू."

आम्ही कर्जतला गेलो. रोहिणीच्या भावाच्या मळ्यात दोन गाई बांधलेल्या, अंगानं चांगल्या भरलेल्या. रोहिणी पाया पडली, चहा दिला, गोजरबाईच्या गुडघ्यांची चौकशी केली. श्रीमंतनं कप खाली ठेवला. "पोरी, चुकलं माजं. गाया घिऊन घरी चल."

ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाली, "मामा, मला लगीन बी नको हुतं आन पैसा बी. त्या दिवशी तुमी नुसतं ऱ्हा म्हनायचं हुतं. आता भावानं सोताच्या रानात गोठा बांदून दिलाय. हितनं कुटं उठू?"

माझं तोंड गावभर प्रसिद्ध, पण मी नुसत्या कपबशा गोळा केल्या.

धारेची वेळ झाली होती. रोहिणी चरवी घेऊन उठली. वासरू आईकडं ओढ घेत होतं. श्रीमंत उठला आणि कुणी न सांगता त्यानं वासराचं दावं धरलं. ती गाईखाली बसली. बस चुकेल म्हणून मी हाक मारली, पुन्हा मारली. चरवी भरून रोहिणी घरात गेली, तरी तो वासरू धरून तिथंच उभा होता.