पन्नासावा हिस्सा

राजाराम गजभियेने पाकिटातून नोटा काढून उल्हासपुढे धरल्या. उल्हासने त्या घेतल्या, अंगठ्याने चाळल्या आणि हात तसाच पुढे ठेवला.

"एवढेच?"

"पन्नासावा हिस्सा," राजाराम म्हणाला. "इथून पुढे एवढाच लावू."

श्रीरामच्या बेसमेंटमध्ये सगळे त्या नोटांकडे पाहत होते. वर स्वयंपाकघरात पद्मिनी वड्या तळत होती, त्याचा वास जिन्यावरून खाली येत होता. मग प्रतापने बिअरचा कॅन खाली ठेवला.

"यार गजभिये, टीम दर रविवारी जिंकतेय, आणि तुम्ही स्टेक कमी करताय?"

"जिंकतेय म्हणूनच. असं चालू असतं तेव्हाच माणूस हातचं घालवतो."

हे उत्तर कुणालाच पटलं नाही. पण पैसे सांभाळायचं काम त्यांनीच राजारामला दिलं होतं. सप्टेंबरमध्ये पाच जणांनी प्रत्येकी पाचशे डॉलर काढले, तेव्हा एका मॅचवर विसाव्या हिश्शापेक्षा जास्त लावायचे नाहीत, मग ती कितीही पक्की वाटो, हा नियम त्यानेच सांगितला होता. सगळ्यांना तो शहाणपणाचा वाटला होता. दर शुक्रवारी श्रीरामकडे जमायचं, कुठल्या मॅचवर लावायचं ते ठरवायचं. राजाराम पैसे द्यायचा, उल्हास ते शनिवारी त्याच्या ओळखीच्या बुकीकडे नेऊन लावायचा आणि जिंकले तर सोमवारी आणून राजारामकडे द्यायचा. तो बुकी म्हणजे शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या जुन्या भागातला एक न्हावी होता. बाकी कुणी त्याला पाहिलं नव्हतं, पाहायची गरजही कुणाला वाटली नव्हती.

त्या वर्षी शिकागोची फुटबॉल टीम हरायचं जणू विसरली होती. तरी ऑक्टोबर संपता संपता जिंकलेले पैसे हिशेबात उशिरा दिसायला लागले. विचारलं की राजाराम म्हणायचा, "अजून आले नाहीत." त्याहून जास्त काही बोलायचा नाही. आणि आता हा पन्नासावा हिस्सा.

सगळे निघाले तेव्हा बाहेर बर्फ भुरभुरत होतं. उल्हास गाडीची काच खरवडत होता. श्रीराम शाल गुंडाळून त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"हे काय चाललंय रे?"

"मी काही म्हणत नाही," उल्हास म्हणाला. तो काच खरवडतच राहिला. "मी तर सोमवारीच देतो त्यांना. पुढे ते काय करतात, मला काय माहीत?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही यार. नागपूरला कसल्याशा होस्टेलसाठी पैसे पाठवतात ना ते? असू दे. चांगलंच काम आहे."

उल्हासने गाडी काढली. श्रीराम शाल घट्ट धरून घरात आला.

त्यानंतर त्याला सगळं दिसायला लागलं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात राजारामच्या बायकोच्या, कमलाच्या अंगावर नवा कोट होता. राजारामने गाडीचे चारही टायर बदलले होते. ऑफिसातल्या कँटीनमध्ये तो एकटाच बसून, चष्मा कपाळावर सरकवून काहीतरी आकडेमोड करताना दिसला आणि श्रीराम जवळ गेल्यावर त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. यातल्या कुठल्याच गोष्टीला अर्थ नव्हता. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या एकमेकींना जोडल्या जायच्या.

"तू त्यांना सरळ विचारत का नाहीस?" पद्मिनी म्हणाली.

"कसं विचारणार? त्यांच्या जागी उल्हास असता तर विचारलं असतं."

पद्मिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि दिवा बंद केला.

शेवटी डिसेंबरमधल्या एका शुक्रवारी त्याने विचारलं. प्रताप आणि पाचवा भिडू अतुल, दोघांशी आधी फोनवर बोलून ठेवलं होतं. राजाराम खुर्चीत बसून बूट काढत होता.

"गजभिये, जरा सगळा हिशेब बघू या का? म्हणजे, पैसेच एकदा समोर ठेवले तर..."

राजारामचा एक बूट पायात होता, एक हातात. त्याने श्रीरामकडे पाहिलं, मग प्रतापकडे, मग अतुलकडे. उल्हास टीव्हीचा आवाज कमी करायला उठला होता आणि त्याची सगळ्यांकडे पाठ होती. राजारामने हातातला बूट पुन्हा पायात घातला आणि सावकाश नाडी बांधली.

"उद्या आणतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, पण आत आला नाही. दारातच त्याने पाकीट श्रीरामच्या हातात दिलं. "माझा हिस्सा काढून घेतलाय. बाकीचे यात आहेत. आता तुम्हीच सांभाळा."

"अहो, असं काही आमच्या मनात नव्हतं..."

"थंडी आत जातेय. दार लावून घ्या," राजाराम म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

श्रीरामने पैसे डायनिंग टेबलवर ठेवून दोनदा मोजले. जिंकलेल्या सगळ्या मॅचेस धरून जेवढे असायला हवे होते तेवढे ते बरोबर होते. त्याने उल्हासला फोन केला.

"पूर्ण आहेत रे."

"असणारच," उल्हास म्हणाला. "काल विचारलंस, आज भरून टाकले. रात्र मिळाली ना मध्ये."

श्रीराम म्हणाला, हो, तेही खरंच. फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटलं नाही, पण आपलं चुकलं असंही वाटलं नाही.

जानेवारीत शिकागोची टीम फायनलला पोहोचली. गाव वेडं झालं होतं, ऑफिसात बॉसपासून सगळे टीमच्या टोप्या घालून येत होते. पैसे आता श्रीरामकडे होते. चौघांनी ठरवलं, या एका मॅचवर नियम बाजूला ठेवायचा, निम्मे पैसे लावायचे.

"मला दे, मी शनिवारी नेऊन देतो," उल्हास म्हणाला.

"नको, या वेळी मी जातो." असं का म्हणालो, हे श्रीरामला सांगता आलं नसतं. दोन महिन्यांत त्याला संशयाची सवय लागली होती, एवढंच. "पत्ता तेवढा दे."

"अरे, तो अनोळखी माणसाकडून घेत नाही."

"तुझं नाव सांगेन."

उल्हास हसला. पत्ता मात्र त्याने दिला नाही, नंतर सांगतो म्हणाला. शनिवारी सकाळी त्याच्या घरचा फोन कुणी उचलेना. तेव्हा श्रीराम गाडी घेऊन निघाला. जुन्या भागात न्हाव्याची दोनच दुकानं होती. पहिल्या दुकानातल्या पोरगेल्या न्हाव्याला काहीच समजलं नाही. दुसऱ्यात एक जाडजूड म्हातारा खुर्चीतल्या माणसाच्या मानेवर वस्तरा चालवत होता. श्रीरामने उल्हासचं नाव घेतलं तेव्हा वस्तरा थांबला.

"माझे पैसे आणलेत का त्याने?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कसले पैसे?"

"गेल्या वर्षीचे. ते दिल्याशिवाय मी त्याच्याकडून एक डॉलरही घेणार नाही, त्याला सांगितलंय मी. या सीझनला त्याने इथे पाऊलही टाकलेलं नाही." त्याने वस्तरा पुसला. "तुमच्यातला तो दुसरा आला होता त्यालाही मी हेच सांगितलं. चष्मेवाला, शांत माणूस. झाडांची पानं पडत होती तेव्हा आला होता."

श्रीराम भिंतीजवळच्या खुर्चीत बसला. म्हाताऱ्याला वाटलं, तो केस कापायला थांबलाय.

बाहेर आल्यावर त्याने कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये साखळीला बांधलेलं फोनबुक उघडलं आणि गजभिये हे नाव शोधलं. राजाराम कितीतरी वेळा त्याच्याकडे जेवला होता. त्याच्या घराचा पत्ता श्रीरामला माहीत नव्हता.

दार कमलाने उघडलं. तिने त्याला ओळखलं, पण लगेच बाजूला झाली नाही.

"या," ती मग म्हणाली.

दिवाणखान्यात बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि तिच्या वर बाबासाहेबांचा फोटो. खाली गालिच्यावर घडीच्या खुर्च्या रांगेने ठेवल्या होत्या. राजाराम आतून हात पुसत आला. श्रीराम उभाच राहिला.

"मी न्हाव्याकडे गेलो होतो."

"अच्छा," राजाराम म्हणाला. "बसा."

"उल्हासने एकदाही पैसे लावले नाहीत. हरलो की आपले पैसे खिशात घालायचा, जिंकलो की कुठून तरी जमवून आणायचा. तुम्हाला ऑक्टोबरपासून माहीत होतं."

"हो."

"आणि त्या दिवशी तुम्ही मला दिलेत ते पैसे? त्याच्याकडून सगळे आले होते?"

"शेवटचे दोन आठवडे नव्हते आले." राजारामने एक खुर्ची सरळ केली. "तेवढे पदरचे घालणं मला झेपण्यासारखं होतं. म्हणून तर हिस्सा कमी केला होता. पैसे माझ्या ताब्यात होते, उद्या कमी पडले असते तर बोट माझ्याकडेच आलं असतं."

"मग सोडून द्यायचं होतंत."

"सीझनच्या मध्येच? का सोडताय म्हणून विचारलं असतंत."

"निदान मला तरी सांगायचं होतंत, गजभिये."

कमला पाण्याचा ग्लास घेऊन आली होती. ती तिथेच थांबली. राजाराम बोलला तेव्हा त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"सांगितलं असतं. उल्हास म्हणाला असता, गजभिये खोटं बोलतात. मग तुम्ही कुणाचं ऐकलं असतंत?"

श्रीरामने ग्लास घेतला. पाणी न पिताच त्याने तो बाजूला ठेवला.

"उद्या मॅचला या," तो म्हणाला. "मी सगळ्यांसमोर सांगतो."

"उद्या आमच्याकडे लोक येणार आहेत," राजारामने खुर्च्यांकडे हात केला. "आणि सांगायचंच असेल, तर त्याला मी कशाला हवा?"

घरी आल्याआल्या, कोट न काढताच, श्रीरामने स्वयंपाकघरातल्या फोनवरून प्रतापला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. पद्मिनी कणीक मळता मळता थांबली होती.

"काहीतरीच काय यार," प्रताप म्हणाला. "उल्हास? तुला हे गजभियेंनी सांगितलं?"

"नाही. न्हाव्याने."

"आणि न्हाव्याच्या कानात कुणी घातलं? तूच म्हणतोस ना, ते आधी जाऊन आले होते म्हणून."

श्रीरामने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघ," प्रताप समजुतीने म्हणाला, "पैसे तर आपल्याला पूर्ण मिळाले ना? मग उद्या फायनल, आणि आज हे कशाला उकरायचं?"

"कोट घाल," श्रीराम म्हणाला. "मी न्यायला येतोय तुला. जाताना अतुलला घेऊ."

"कुठे जायचंय?"

"आधी न्हाव्याकडे. मग गजभियेंकडे."

पलीकडे टीव्ही चालू होता. प्रतापने तो बंद केला असावा, कारण एकदम शांत झालं.

"त्यांचं घर कुठे आहे?"

"मलाही आजच कळलं," श्रीराम म्हणाला, आणि गाडीची किल्ली उचलली.