माहेरून आलेला बंब

मी बंब बोलतोय. तांब्याचा, कमरेइतका उंच, पोटात विस्तव आणि भोवती पाणी. तापणं हा माझा धंदा, बोलणं नव्हे. पण एका सकाळी मला बोलता आलं असतं, तर एका घरातले तीन जीव टांगणीला लागले नसते. तेव्हा साधलं नाही ते आता बोलतो.

आधी माझी घडण समजून घ्या. माझ्या मधोमध एक उभा नळा आहे. त्यात जाळीवर विस्तव पेटवायचा, राख खाली पडते, धूर वरून निघून जातो. नळ्याच्या भोवती पाणी. म्हणजे आग आणि पाणी यांच्यात तांब्याचा एक पत्रा, बस. बाहेरचं अंग बायका चिंचेने घासून लखलखीत ठेवतात, त्यात आपला चेहराही बघतात. आतल्या नळ्यात मात्र कुणी डोकावत नाही.

शहाद्याच्या हिलाल तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. दोधू पाटलांनी लेकीच्या लग्नात द्यायला म्हणून मला निवडलं. नवरीच्या मागच्या बैलगाडीत, गवतावर बसून मी तापीकाठच्या गावी आलो. नवरीचं नाव रंजना. नवरा चुनीलाल, सासू जमनाबाई. कापसाची आणि केळीची चांगली शेती, घरात कशाची ददात नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते गरिबीमुळे झालं नाही.

काही वर्षं सुखात गेली. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काटक्या, पेटवल्या की मी पटकन तापायचो. चुनीलाल भला माणूस, पण त्याचं सारं बोलणं 'पाणी तापलं का' एवढ्यावर संपायचं. कसं तापलं, याची चौकशी त्याने कधी केली नाही.

मग बासष्ट सालच्या हिवाळ्यात माझा आतला नळा झिजून भोक पडलं. पाण्याचा थेंब विस्तवावर पडायचा, चर्र व्हायचं, पऱ्हाटी काळी पडून धुमसायची. मी ओरडत होतोच की. पण चर्र हा आवाज कुणाला दुखणं वाटत नाही.

रंजनाबाईच्या लक्षात आलं तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. पहिली मुलगी माहेरी झाली होती, हे दुसरं बाळंतपण सासरी. तिने भीत भीत सासूला सांगितलं.

जमनाबाई म्हणाली, "माहेरनं भांडं शे. तुन्हा बापले निरोप धाड. त्यानी दिधं, तोच नीट करी दी."

या भागातली ही जुनी खोड. लेकीला दिलेलं भांडं फुटलं, तर त्याचं भोक बुजवणारा डागही तिच्या बापाने लावायचा. सासरच्याने हात लावला तर सासरचाच मान जातो म्हणे. पण बापाकडे निरोप धाडायचा म्हणजे त्याने खोटा माल दिला असं म्हणणं झालं, आणि ते रंजनाबाईला सोसवणारं नव्हतं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या माय, थोडंसंच गळस. चाली जाई."

एकीला सासरचा मान, दुसरीला माहेरचा. आणि भोक कुणाला, तर मला.

मध्ये चुनीलालने दोघींना न विचारता दारावर आलेल्या एका फिरत्या कारागिराकडून कथलाचा डाग लावून घेतला. स्वस्तात झालं म्हणून खूशही झाला. आता बघा, कथील ताटलीला ठीक, घागरीला ठीक. जिथे रोज आग पेटते तिथे ते लोण्यासारखं वितळतं. चार दिवसांत डाग राखेत गेला, भोक होतं त्याहून मोठं झालं.

तशात रंजनाबाईला मुलगा झाला. सुगंधाबाई सुईण रोज सकाळी न्हाऊ घालायला येऊ लागली. बाळंतिणीला पाणी लागतं भरपूर आणि कढत. चुलीवर हंडा चढवता आला असता. पण घरात बंब असताना चुलीवर पाणी तापलं, तर दोधू पाटलांचा बंब गळतो हे गावाला कळलं असतं, म्हणून रंजनाबाईनेच नको म्हटलं. पऱ्हाट्या तर भिजून पेटत नव्हत्या. जमनाबाईने तोड काढली, "कोळसा टाका. धूर नही, कटकट नही."

माझा विस्तव तोवर अंगणात असायचा. त्या सकाळी थंडी हाडांत शिरणारी होती. सुगंधाबाई म्हणाली, "बंब न्हानीमा लई या. आनि फटीसमा चिंध्या कोंबा. बाळंतीनले वारा लागी."

मला आत आणलं, भिंतीला टेकवून ठेवलं. दार लावलं, फटी बुजवल्या. न्हाणीला खिडकी नव्हतीच. मला कळत होतं की हे बरं नव्हे. पाण्याच्या थेंबांनी कोळसा धड पेटत नव्हता, धड विझत नव्हता. असा अर्धमेला कोळसा बंद खोलीत काय करतो हे ज्याने एकदा पाहिलंय तो विसरत नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी हवेला धूर नसतो, वास नसतो. माणूस खोकत नाही, डोळे चोळत नाही. नुसती गुंगी येते.

सुगंधाबाईने पाय लांब करून बाळ त्यावर घेतलं. बाळ आधी नेहमीसारखं रडलं. मग रडणं बारीक झालं. मग थांबलं. सुगंधाबाई हसत म्हणाली, "देख, कसं निवांत पडनं." तिचा तेल चोळणारा हात मंदावला होता. ते तिला जाणवत नव्हतं, मला दिसत होतं.

"मन्हं डोकं गरगर करी ऱ्हायनं," रंजनाबाई म्हणाली.

"कढत पानीनं व्हई," असं म्हणत सुगंधाबाईने भिंतीला डोकं टेकलं आणि तिचे डोळे मिटले.

मी चर्र चर्र करत होतो. त्याहून मोठा आवाज मला नव्हता. रंजनाबाईला काहीतरी उमजलं असावं. ती कशीबशी उठली, दाराकडे दोन पावलं गेली आणि दाराला आडवी कोसळली. दार आत उघडणारं. आता ते तिच्याच अंगाने बंद झालं.

बाहेर जमनाबाई बाळंतिणीच्या धुरीसाठी निखाऱ्यावर ओवा टाकत होती. नातू रडत नाही म्हणून आधी तिला बरं वाटलं. नंतर तोच शांतपणा तिला टोचू लागला. तिने हाक मारली. उत्तर नाही. दार ढकललं, हलेना. फटीतली चिंधी उपसून तिने आत पाहिलं तर दाराशी सुनेचं लुगडं.

"चुनी, लवकर ये," ती एवढंच म्हणाली.

चुनीलालने खांदा लावला. पण जोर लावायचा म्हणजे आतल्या बाईला ढकलायचं. तो थबकला. जमनाबाईने त्याला हाताने बाजूला केलं, स्वतः खाली बसली आणि दार दोन्ही हातांनी हळूहळू रेटत राहिली, तोंडाने "सरक वं मन्ही माय, सरक" म्हणत. वीतभर फट झाली. त्या फटीतून ती आडवी शिरली आणि तिने आधी सुनेला ओढलं, नातवाला नंतर; दार मोकळं झाल्यावर सुगंधाबाईला चुनीलालने बाहेर आणलं. हे मी पाहिलं आहे. कुणी तिला कजाग म्हटलं की मला राग येतो.

अंगणातल्या वाऱ्यावर बाळाने बऱ्याच वेळाने टाहो फोडला. सुगंधाबाई ओकली आणि शुद्धीवर आली. रंजनाबाईने डोळे उघडले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तोवर जमनाबाई तिचे तळपाय चोळत होती.

शेजारी म्हणाले, बंब अपशकुनी, मोडीत काढा. जमनाबाई ऐकून घेत राहिली. चार दिवसांनी तिने गाडी जुंपायला लावली आणि मला घेऊन शहाद्याला गेली.

हिलालने आत हात घातला. "तोटी गळती तर सवंगमा व्हतं. आतला नळा कुजेल शे, पुरा तळ खोलना पडी. नवा बंबनं अर्धं मोल लागी. पहिलेच लई येत्या तर रेणना एक पक्का डाग लावीसन भागतं."

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," चुनीलाल पुटपुटला. जमनाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. पैसे तिने स्वतःच्या कनवटीचे दिले.

पुढे दोधू पाटील नातवाला बघायला आले. गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच होती. बाळाला मांडीवर घेऊन ते माझ्यासमोर बसले. मग म्हणाले, "एक निरोप धाडता. मी डोकावर लई जातू त्याले."

सासूने मान खाली घातली, सुनेनेही. 

आता मी कायम उघड्या अंगणात असतो. नळा नवा आहे, पाणी झटकन तापतं. तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला बाहेरून घासा, पण महिन्यातून एकदा आतही डोकवा. विस्तव कधी बंद खोलीत नेऊ नका. आणि बंब गळू लागला, तर पैसे कुणी द्यायचे हे भांडण नंतर करा. दुरुस्तीचे पैसे सासरचे की माहेरचे, हे विस्तवाला माहीत नसतं.