टिकलीचं बटन

नांदुऱ्यात स्टेशनकडून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला निशिगंधाचा कॉम्प्युटर क्लास लागायचा आणि क्लासच्या मागे शालूबाईचं घर. खरं म्हणजे घरच आधीचं. पण लेकीनं पुढच्या खोलीत तीन मशीन मांडून पाटी लावली, तेव्हापासून लोक त्याला कॉम्प्युटरवाल्यांचं घर म्हणायला लागले. शालूबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुसरीतून जिची शाळा सुटली, त्या बाईनं चाळीस वर्षं हे घर आपल्या जिभेच्या धाकावर सरळ चालवलं, आणि नाव झालं कोणाचं, तर तीन डब्ब्यांचं.

त्यातला भिंतीकडचा डब्बा फोनला जोडलेला होता. सत्त्याण्णव साल ते. निशिगंधानं तीन दिवस त्याच्यापुढे मान मोडली. नागपूरहून कोणीतरी धाडलेली फ्लॉपी आत घालायची, काहीतरी दाबायचं, कपाळाला हात लावायचा, पुन्हा बाहेर काढायची. शालूबाई येता-जाता पाहायची.

"का करून राह्यली व? मसनात घाल त्याले."

"टपाल वाचाचा प्रोग्राम बसवून राह्यली आई. दादाचं टपाल येईन आता, चार दिवसात. कागदाले वीस दिवस लागतेत."

दादा म्हणजे गजेंद्र. शालूबाईचा थोरला. टांझानियात साखर कारखान्यावर होता. फोन तिकडे फक्त शहरातल्या हपिसात, कारखान्यापासून सहा तासांवर. पण कारखान्याच्या गेस्टहाऊसात एक कॉम्प्युटर होता.

"मुंबईत एका मानसानं आपल्या घरचा कॉम्प्युटर फोनले जोडून ठेवला," निशिगंधानं समजावलं. "त्याले बोर्ड म्हन्तेत. आपन त्याले फोन लावाचा, तिथं आपल्या नावाचं टपाल पडून असते."

"अन् त्या मानसाले कोन देते?"

"दुसरा बोर्ड. त्याले तिसरा. असं करत करत दादापर्यंत."

"मंजे सारं गाव वाचते."

"नाई वाचत व कोनी."

"मी असती तर वाचलं असतं."

निशिगंधा हसली. मग तिनं पुढचं सांगितलं. फोन चालू ठेवून तिथंच वाचत बसलं, तर एसटीडीचा आकडा धावत सुटतो. म्हणून सकाळी सहाच्या आत फोन लावायचा, सगळं टपाल एका गाठोड्यात बांधून इकडे आणायचं आणि फोन ठेवून द्यायचा. मग निवांत वाचायचं. उत्तरही फोन बंद असतानाच लिहायचं. ते इथंच पडून राहतं. पुढच्या खेपेला फोन लागला की आपलं गाठोडं तिकडे जातं आणि तिकडचं इकडे येतं.

एवढं शालूबाईला पटलं. मेलगाडीतून डाकेचे थैले उतरताना आणि चढताना तिनं जन्मभर पाहिले होते. गाडी काही थैले वाचत उभी राहत नाही.

रविवारी पहाटे पहिलं गाठोडं आलं. मशीननं आधी किंकाळ्या फोडल्या, घशात काटा अडकल्यासारखी खरखर केली आणि मग काचेवर अक्षरं उमटली. निशिगंधा वाचत गेली, शालूबाई दाराला टेकून उभी राहिली. ऊस, पाऊस, कोणी हबशी स्वयंपाकी, त्याला शिकवलेली भाकर. आईचं नाव कुठं नव्हतं.

नसणारच. चार वर्षांपूर्वी बापाचा शब्द मोडून तो परदेशात निघाला, तेव्हा उंबऱ्यात उभं राहून तिनंच म्हटलं होतं, "मी बोलावल्याबिगर या घरात पाय ठेवजो नोको." पोरगं बॅग उचलून गेलं. आणि त्यानं ते पाळलं. तिच्याच पोटचा होता ना. ताठा दुसरीकडून कुठून आणणार?

त्या दिवाळीनंतर पंजाबरावांनी अंथरूण धरलं. आधी पाय सुजले, मग दम लागायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरनं आठ दिवस ठेवून घेतलं आणि मग सांगितलं, घरी न्या, जीव मागेल ते खाऊ घाला. यातलं काय समजायचं ते शालूबाईला समजलं. निशिगंधानं भावाला लिहिलं. नवव्या दिवशी गाठोड्यात उत्तर आलं. तिनं ते दोनदा मनात वाचलं आणि मग मोठ्यानं वाचलं.

"'साहेबाले विचारून ठेवलं, सुटी भेटते. आई बोलावते का? तिनं ये म्हटलं, का त्याच दिवशी निघतो.'"

"बाप हातरुनाले खिळला, अन् हा माह्या तोंडाकडे पाह्यते!" शालूबाई कडाडली. "मी का पाटलीन हावो, पालखी धाडाले?"

"आई, एक शब्द त म्हनाचा हाय."

"त्याले बी एकच पाय उचलाचा हाय."

निशिगंधानं तार करू म्हणून पाहिलं. त्यावर तर शालूबाई उठून उभीच राहिली. तार म्हणजे मयत. या घरात तार आली ती सासरा गेला तेव्हा आणि गेली ती दीर गेला तेव्हा. नवऱ्याच्या नाकात वारा आहे तोवर त्याच्या नावानं तार? "माह्या जित्यापनी नाई."

मग दुसरबीडहून निरोप आला. निशिगंधाची सासू विहिरीवर घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. माहेरी राहून क्लास चालवत असली तरी सुनेला जाणं भाग होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिनं आईला मशीनपुढे बसवलं.

"हे पाय आई. मी लिहून ठेवलं. 'आई म्हनते, ये.' एवढंच. ते इथं पडून हाय." मग तिनं आपल्या पाकिटातली लाल टिकली काढून एका बटनावर चिकटवली. "तुह्या मनाले पटलं, का सकाळी मशीन चालू करजो अन् हे टिकलीचं बटन दाबजो. तो फोन लावीन, वरडीन, अन् त्याचं तो पाहून घेईन. नाई पटलं त नोको दाबू. मी विचारनार नाई."

"अन् फोन चालूच राह्यला मंग? मीटर पयत राहीन ना."

"त्यापायीच म्हनतो, ध्यान ठेवजो."

शालूबाईनं मान हलवली. तीन दिवस ती त्या खोलीत गेली नाही. झाडायलाही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती नवऱ्याला चमच्यानं पेज भरवत होती. पंजाबरावांनी तोंड बाजूला केलं. बोलायला त्यांना आता दोन दोन शब्दांचा श्वास पुरायचा.

"गजूचे माय... पोट्ट्याले... बलाव ना व."

चाळीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. मीठ कमी असलं तरी तसंच जेवून उठायचे. शालूबाईनं वाटी खाली ठेवली. तोंड पदरानं पुसलं. त्यांचं पुसायचं होतं, पुसलं आपलंच.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आत आंघोळ करून, देवाला हात जोडून ती मशीनपुढे बसली. भिंतीवरचं बटन टाकलं. काच उजळली. टिकलीवर बोट ठेवलं आणि असं दाबलं, की जणू पोराच्या पाठीत धपका घातला. आत फोन लागल्याचे टकटक आवाज झाले. मग ती किंकाळी, ती खरखर. शालूबाई जागची हलली नाही. सांग रे बाबा, सांग त्याले, एवढंच मनात म्हणत राहिली. अर्ध्या मिनिटानं मशीन एकदम गप्प झालं.

झालं बोलून. बोलणं संपलं की माणूस गप्प होतो, मशीनही झालं. आता मीटर कायला पळू द्यायचा? तिनं लगेच उठून भिंतीवरचं बटन बंद केलं. लेकीनं बजावलंच होतं, ध्यान ठेव म्हणून. ठेवलं.

संध्याकाळी निशिगंधाचा फोन आला.

"आई, दाबलं?"

"दाबलं."

"वरडला का तो?"

"गाढवावानी वरडला. मंग चूप झाला."

"बस्स! गेलं मंग." पलीकडे लेकीचा आवाज भरून आला. "आई, लय चांगलं केलं तुनं."

"जास्त बोलू नोको. सासूकडे पाय."

आत जाऊन तिनं नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. "निघाला म्हना तुमचा लाडका." पंजाबरावांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. त्यांनी खाट फिरवायला लावली, दाराकडे तोंड करून.

त्यानंतर घराला गाड्यांचं वेळापत्रक लागलं. मुंबईकडून येणारी गाडी स्टेशनात शिरली की शिट्टी घरात ऐकू यायची. पंजाबराव डोळे उघडायचे. स्टेशनपासून चालत यायला लागतो तेवढा वेळ उघडे ठेवायचे, मग मिटायचे. शालूबाई मेथी निवडता निवडता सगळं पाहायची. दिवस मोजायची: निरोप पोचायला चार, निघायला एक, विमानाचा एक, मुंबईचा एक. सातव्या दिवशी तिनं पुरण घातलं. आठव्या दिवशी ते गाईला टाकलं. न जाणो, म्हणून तिनं आणखी एकदा टिकली दाबली. मशीन ओरडलं, गप्प झालं, तिनं बंद केलं.

अकराव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, गाडी येऊन गेली आणि पंजाबरावांचे डोळे उघडेच राहिले.

अग्नी चुलत दीर वामनरावानं दिला. पोटचा पोरगा जिवंत असताना चुलत भावानं मडकं धरलं, हे सगळ्या गल्लीनं पाहिलं. बायका रडत होत्या, शालूबाई रडली नाही. तिरडी उचलायच्या आधी अंगणात चार माणसांत ती म्हणाली, "बोलावलं होतं त्याले. मी सोता बोलावलं. बाप दाराकडे पाह्यत मेला, अन् हा तिकडे ऊस खात बसला. आजपासून मले पोरगा नाई. कोनी त्याले कळवाचं नाई." निशिगंधा नुकतीच बसमधून उतरून आली होती. तिनं आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तरी दहाव्याच्या सकाळी लेकीच्यानं राहवलं नाही. घरात माणसं उठायच्या आत ती भावाचं टपाल पाहायला हळूच क्लासमध्ये गेली. शालूबाई चुलीपुढे होती. किंकाळी ऐकली, खरखर ऐकली, आणि ती तरातरा निघाली. शब्द तोंडात तयार होता. दारात आली तर मशीन गप्प झालं होतं आणि निशिगंधा काचेकडे पाहत तशीच बसली होती.

"बंद कर ते. झालं ना त्याचं बोलून."

"आई, आत्ता त सुरू झालं."

"चूप बसलं ना ते!"

"वरडते तवा ते निस्ते एकमेकाले वयखतेत. वयख पटली का चूप होतेत, अन् मंग टपाल जाते-येते." काचेवर एक निळी पट्टी इवलीशी पुढे सरकत होती. निशिगंधानं वळून आईकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरत गेला. "आई... चूप झाल्यावर तुनं का केलं होतं?"

शालूबाईची नजर भिंतीवरच्या बटनाकडे गेली. निशिगंधाला तेवढं पुरलं.

पट्टी भरली. टपाल आलं. आपलं गाठोडं जायच्या आत निशिगंधानं फोन तोडला; 'आई म्हनते, ये' अजून त्यातच होतं. निशिगंधा वाचायला धजेना, तेव्हा शालूबाईच म्हणाली, "वाच."

चार पत्रं होती. पहिल्यात, "आई काही बोलली का?" दुसऱ्यात, "साहेब विचारतो, सुटी कधीपासून टाकू?" तिसऱ्यात, "बॅग भरून ठेवली आहे." चौथं चार दिवसांपूर्वी लिहिलेलं. "तिच्या मनात नसेल तर राहू दे. बाबाले सांग, मी विचारत होतो."

"माहीच चूक आई," निशिगंधा हुंदका देत म्हणाली. "मले रोजचंच, म्हून सांगाचं सुचलंच नाई. फोनवर तू म्हनली बी, चूप झाला..."

"तुही नाई. उठ, डोये पूस."

बाहेर ओट्यावर वामनराव दातून करत आणखी दोघांपुढे पुतण्याचा उद्धार करत होते. शालूबाई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, गजूले काही बोलू नोका. त्याले बोलावनं गेलंच नाई. मी बटन दाबलं अन् मीच अर्ध्यात बंद केलं. तो बॅग भरून बसला होता."

वामनरावांच्या हातातली काडी तशीच राहिली. "जाऊ द्या वहिनी, आता कोनाले का सांगता? होते असं..."

"सांगतो. शिव्या चार मानसात देल्ल्या, कबुली का मोरीत देऊ?"

ती परत आत आली. मशीनपुढच्या स्टुलावर न बसता लेकीच्या मागे उभी राहिली.

"लिही. तुहे बाबा मागल्या मंगळवारी गेले. दाराकडे पाह्यत गेले. तुह्या आईनं तुले बोलावलं होतं, पन मशीन चूप झाली तशी तिनं बंद केली. निरोप इथंच राह्यला. तुले कळाले पाह्यजे म्हून लिहून राह्यलो."

निशिगंधाची बोटं चालली. थांबली.

"वाच."

"'बाबा मागल्या मंगळवारी गेले. लाईनीत बिघाड झाल्यानं निरोप...'"

"लाईनीले कायले मधात आनते?"

"आई, त्याले का वाटन?"

"वाटाचं ते वाटू दे. माह्या एका शब्दापायी तो चार वर्षं तिकडे राह्यला. आता दुसरा शब्द खोटा धाडू? खोड ते."

निशिगंधानं खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं. या वेळी सगळं जसंच्या तसं होतं. शालूबाईला काचेवरचं अक्षर लागत नव्हतं, पण लेकीचा आवाज कुठं चोरटा होतो ते कळत होतं. तो झाला नाही.

"आखीरले का लिहू? ये म्हनू?"

आयुष्यात पहिल्यांदा शालूबाईला शब्द शोधावा लागत होता.

"नोको. लिही, आता माह्या बोलावन्याची वाट पाहू नोको. मी बोलावनार नाई, अडवनार बी नाई. तुले वाटन तसं कर. अन् लिही, तुह्या बापानं तुले मागतलं होतं. त्यानं तोंड उघडाच्या आधीच मले समजाले पाह्यजे होतं."

निशिगंधानं बोटं उचलून डोळे पुसले.

"लिही ना व," शालूबाई म्हणाली. "बोटं काऊन थांबले?"